पूर्णा ते बोरघाट : हौशी सायकल-शर्यत आणि स्थानिक संघाचा प्रश्न

खेळांचा इतिहास सामान्यतः विजेत्यांच्या नावांनी लिहिला जातो. मल्लविद्येच्या किंवा धावण्याच्या शर्यतीच्या बाबतीत ही पद्धती पुष्कळशी चालून जाते. सायकल-शर्यतीच्या बाबतीत मात्र ती अपुरी पडते. रस्त्यावरील दीर्घ शर्यत अंतिम रेषेवर एकाच्या नावावर जमा होत असली, तरी ती प्रत्यक्षात संघाने लढविलेली असते. आणि हा संघ कोणाचा, गावाचा, मंडळाचा की नोकरी देणाऱ्या संस्थेचा, या प्रश्नाच्या उत्तरावर त्या खेळाची सामाजिक घडण अवलंबून असते. महाराष्ट्रातील हौशी सायकल-शर्यतीचा विचार प्रस्तुत लेखात या दृष्टीने केला आहे. त्यासाठी विवेचनाचा आरंभ मुंबई किंवा पुणे येथून न करता परभणी जिल्ह्यातील पूर्णा या जंक्शनपासून केला आहे. त्याचे कारण पुढे स्पष्ट होईल.

१

पूर्णा हे गाव त्याच नावाच्या नदीकाठी, गोदावरीच्या खोऱ्यात वसलेले आहे. मनमाड-सिकंदराबाद हा हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेचा मीटरमापी मार्ग १९०० च्या सुमारास पूर्ण झाला, आणि १९१२ मध्ये पूर्णा-हिंगोली फाटा सुरू झाल्यावर पूर्णेस जंक्शनचे स्वरूप आले. पुढे १९६० च्या सुमारास हाच फाटा अकोल्यामार्गे खांडव्यास जोडला गेला. जंक्शनबरोबर इंजिनांची शेड आली, शेडबरोबर फिटर, फायरमन, पॉइंट्समन आले, आणि पाळीच्या कामाचे वेळापत्रक आले. रात्री-अपरात्री कामावर हजर व्हावयाचे, तर सायकलीसारखे वाहन नाही. रेल्वेच्या गावात सायकल ही चैन नव्हती, ती पाळीची सोबतीण होती.

भूरचनेचा विचार केला तर हा प्रदेश सायकलीस अनुकूल म्हणावा लागेल. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल चाकाच्या मडगार्डात अडकून बसतो, हे खरे. परंतु एरवी परभणीपासून नांदेडपर्यंतची भूमी बहुतांशी सपाट आहे. सपाट रस्ता, सायकल, यंत्र हाताळण्याची सवय असलेले तरुण कामगार आणि त्यांना एकत्र ठेवणारी एक मोठी संस्था, एवढी सामग्री असताना शर्यतीच्या नकाशावर जी नावे ठळक झाली ती मुंबई-पुणे मार्गावरची, गोदावरीकाठची नव्हेत. या अंतराची कारणे भूगोलात शोधून सापडत नाहीत. ती संस्थांच्या इतिहासात आहेत.

२

प्रथम 'हौशी' या शब्दाचाच विचार केला पाहिजे. आज हा शब्द 'पैशासाठी न खेळणारा' एवढ्याच अर्थाने वापरला जातो. परंतु ज्या इंग्रजी क्रीडानियमांतून ही कल्पना आपल्याकडे आली, तेथे तिचा मूळ अर्थ वर्गवाचक होता. लंडनमधील हौशी मैदानी खेळांच्या मंडळाने १८६६ मध्ये केलेल्या व्याख्येनुसार यांत्रिक कारागीर व मजूर यांना हौशी म्हणून खेळताच येत नसे. हेन्ले येथील नौकाशर्यतीने १८७९ मध्ये असाच नियम केला. १८८० मध्ये स्थापन झालेल्या मैदानी खेळांच्या नव्या संघटनेने ही अट गाळली. परंतु हाताने काम करणाऱ्या माणसाकडे संशयाने पाहण्याची वृत्ती नियमाबरोबर एका दिवसात गेली नाही. त्या जुन्या व्याख्येप्रमाणे पाहिले तर पूर्णेच्या शेडमधील फिटर कितीही वेगाने सायकल हाकीत असता, तरी तो 'हौशी' ठरला नसता. कारण बैठ्या कामाच्या माणसापेक्षा श्रमाने घडलेले शरीर हाच त्याचा 'गैरफायदा' मानला जाई.

भारतात हा नियम शब्दशः आला नाही. त्याची छाया मात्र आली. आरंभीची सायकल आयात होत असे व महाग असे. वेळ, पैसा आणि मंडळ या तिन्ही गोष्टी ज्यांच्याजवळ होत्या त्यांनी हा खेळ प्रथम उचलला. मुंबईच्या पारशी समाजाचे या क्षेत्रातील कार्य त्यामुळेच उठून दिसते. ऑक्टोबर १९२३ मध्ये बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा तरुण सायकलीवरून जगप्रवासास निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटरचा प्रवास करून मार्च १९२८ मध्ये मुंबईस परतले. ही शर्यत नव्हती. परंतु एका स्थानिक मंडळातून निघालेल्या संघाचा तो पराक्रम होता, आणि मुंबईच्या सायकलपटूंना त्याने मोठा आत्मविश्वास दिला. १९४६ मध्ये राष्ट्रीय सायकलपटू महासंघ स्थापन झाला, तेव्हा जानकी दास यांच्यासमवेत मुंबईचे सोहराब भूत हे त्याच्या संस्थापकांत होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचा सायकल-संघ प्रथमच उतरला. त्यातील रुसी मुल्ला फिरोज, जहांगू अमीन, होमी पावरी, आदी हवेवाला, रोहिंटन नोबल ही नावेच पुरेशी बोलकी आहेत.

येथे एक कालगणना लक्षात घेण्यासारखी आहे. लंडनचे सामने १४ ऑगस्ट १९४८ रोजी संपले. हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले ते १७ सप्टेंबर १९४८ रोजी. म्हणजे मुंबईचे सायकलपटू स्वतंत्र भारताच्या नावाने स्पर्धेत उतरले त्या दिवसांत पूर्णा निजामाच्या राज्यात होती. मुंबई प्रांतातील मंडळे, त्यांच्या निवडीच्या स्पर्धा, त्यांची वृत्तपत्रे यांच्या कक्षेत तिचा समावेश होण्याचे कारणच नव्हते.

३

याच दशकात, म्हणजे १९४० नंतरच्या वर्षांत, मुंबई-पुणे सायकल शर्यतीची परंपरा सुरू झाली आणि महाराष्ट्रातील रस्त्यावरच्या शर्यतींत तिला मानाचे स्थान मिळाले. अंतर सुमारे १५० किलोमीटर; परंतु शर्यतीचे मर्म अंतरात नसून बोरघाटात आहे. या घाटातील गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला, लोहमार्ग १८६३ मध्ये. लोहमार्गाचा चढ ३७ फुटांस १ फूट इतका तीव्र असल्याने कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिने लावावी लागतात. खोपोलीहून लोणावळ्यास जाणारा स्वार साधारण साडेपाचशे मीटर उंची चढतो, आणि त्याला मागून ढकलणारे इंजिन नसते. घाटमाथा प्रथम गाठणाऱ्यास 'घाटाचा राजा' हा किताब देण्याची या शर्यतीची प्रथा आहे. फ्रान्सच्या सुप्रसिद्ध शर्यतीत पर्वतचढाईचे वेगळे पारितोषिक १९३३ मध्ये सुरू झाले होते. त्याच कल्पनेचे हे मराठी रूप म्हणता येईल.

घाटाला इतके महत्त्व का, हे समजण्यासाठी शर्यतीच्या यंत्रणेकडे वळले पाहिजे. सपाट रस्त्यावर सायकलस्वाराचा मुख्य शत्रू म्हणजे वारा. पुढच्या स्वाराच्या चाकामागे लगटून जाणाऱ्यास एकट्याने जाणाऱ्यापेक्षा साधारण पाव ते एकतृतीयांश श्रम कमी पडतात. म्हणून एका संघाचे स्वार आळीपाळीने पुढे येतात, वारा अंगावर घेतात आणि मागे सरतात. ज्याने जिंकावे असे ठरलेले असते त्याला अखेरपर्यंत आडोशात ठेवले जाते; प्रसंगी त्याचे चाक पंक्चर झाले तर दुसरा आपले चाक काढून देतो आणि स्वतः रस्त्याच्या कडेला थांबतो. त्याचे नाव दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात येत नाही. घाटात मात्र वेग मंदावतो, वाऱ्याचा विरोध कमी होतो, आणि आडोशाचा लाभही त्या प्रमाणात घटतो. तेथे प्रत्येकाला आपले वजन आपल्याच पायांनी वर न्यावे लागते. म्हणजे मैदान हे संघाचे आणि घाट हा एकट्याचा, अशी ही विभागणी आहे. घाटावर राजा ठरतो; पण तो घाटाच्या पायथ्याशी ताज्या पायांनी पोहोचतो तो संघामुळे.

बंदिस्त वर्तुळाकार मार्गावरील सांघिक पाठलागाच्या शर्यतीत हे तत्त्व नियमातच मान्य केलेले आहे. चार किलोमीटरच्या त्या शर्यतीत चार स्वार उतरतात आणि संघाची वेळ तिसऱ्या स्वाराच्या चाकावर मोजली जाते. पहिला कितीही वेगवान असो, तिसरा मागे राहिला तर संघ मागे राहिला. रस्त्यावरील शर्यतीला असा नियम नाही. म्हणून तेथे संघाचे श्रम नोंदवहीतून निसटतात, आणि पर्यायाने इतिहासातूनही निसटतात.

४

संघ उभा करावयाचा तर सराव हवा, सरावास वेळ हवा, आणि वेळ हा नोकरी करणाऱ्या माणसाजवळ मालकाच्या मर्जीवाचून नसतो. ही अडचण भारतात ज्या संस्थांनी सोडविली त्यांत सैन्यदले आणि रेल्वे या प्रमुख होत. रेल्वेची अखिल भारतीय क्रीडा संघटना १९२८ मध्ये स्थापन झाली. खेळाडूस नोकरी, सरावासाठी सवलत आणि स्पर्धेसाठी रजा अशी ही व्यवस्था होती. हुद्दा कारकुनाचा वा तिकीट तपासनिसाचा. परंतु वर्षातील मोठा काळ मैदानावर. शर्यतीचे बक्षीस हे त्याचे उत्पन्न नसल्याने तो नियमाने हौशी ठरे, आणि पगार चालू असल्याने पोटाची चिंता नसे. १८६६ च्या नियमाने ज्याला दाराबाहेर ठेवले होते त्या श्रमिकास रेल्वेने दार उघडले. हे रेल्वेचे श्रेय निःसंशय मान्य केले पाहिजे.

तथापि या व्यवस्थेची दुसरी बाजूही आहे. राष्ट्रीय स्पर्धांत राज्यांच्या संघांबरोबर रेल्वे आणि सैन्यदले हे स्वतंत्र संघ म्हणून उतरतात. परिणामी रेल्वेत गेलेला स्वार आपल्या गावाचा किंवा राज्याचा राहत नाही. तो रेल्वेचा होतो. स्थानिक मंडळाने त्याला घडवावयाचे आणि तो घडला की दुसऱ्याच्या रंगाचा सदरा त्याने घालावयाचा, असा हा क्रम आहे. स्थानिक संघाच्या वाट्याला शिकविण्याचे काम येते, जिंकण्याचे क्वचितच.

पूर्णेच्या बाबतीत हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी ग्रेट इंडियन पेनिन्सुला, निजाम राज्य रेल्वे आदींच्या एकत्रीकरणातून मध्य रेल्वे जन्मास आली. त्या दिवसापासून बोरघाट आणि पूर्णा एकाच रेल्वेत आले. राज्ये मात्र वेगळी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. आता राज्यही एक झाले. परंतु २ ऑक्टोबर १९६६ रोजी दक्षिण मध्य रेल्वेची स्थापना होऊन पूर्णा सिकंदराबादच्या अंकित गेली. म्हणजे राज्याचा व रेल्वेचा नकाशा जेमतेम दहा वर्षे जुळला. राज्याची क्रीडासंघटना मुंबई-पुण्याकडे पाहणारी, रेल्वेची क्रीडासंघटना सिकंदराबादकडे पाहणारी, आणि गाव या दोहोंच्या मध्ये. २००३ मध्ये पूर्णा नव्या नांदेड विभागात आली, तरी मुख्यालय सिकंदराबादच राहिले. सपाट भूमी आणि सायकलीची सवय यांचे संघात रूपांतर होण्यास जी सलग संस्थात्मक साथ लागते, ती अशा सीमावर्ती गावांना मिळणे कठीण होते.

५

हौशी आणि व्यावसायिक हा भेद आता जागतिक नियमांतून जवळजवळ मावळला आहे. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने १९६५ मध्ये या दोन गटांसाठी दोन वेगळ्या उपसंघटना केल्या. १९९२ मध्ये त्या पुन्हा एक झाल्या आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपासून व्यावसायिकांनाही प्रवेश मिळाला. भारताचा सायकलपटू मात्र १९६४ च्या टोकियोनंतर ऑलिंपिकच्या सायकल-शर्यतीत दिसलेला नाही. संस्थांनी खेळाडूंना नोकरी दिली, पण खालचा पाया रुंद झाला नाही, असाच याचा अर्थ लावावा लागतो.

या पार्श्वभूमीवर अलीकडच्या काळातील एक घटना अभ्यसनीय आहे. २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाच्या गटात नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. १९२३ च्या मुंबईकर तरुणांप्रमाणेच हा संघही नोकरीच्या संस्थेने नव्हे, तर गावातील हौशी मंडळींनी उभा केलेला होता. दोन वर्षांनी नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी हीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. स्थानिक संघ मोठ्या संस्थेवाचूनही उभा राहू शकतो, हे यावरून सिद्ध होते. परंतु हे स्वार डॉक्टर आहेत, हेही विसरता येत नाही. आपला वेळ आपल्या हाती असणाऱ्या वर्गाकडे हौशी खेळ पुन्हा गेला आहे, आणि एकोणिसाव्या शतकातील ती जुनी व्याख्या नियमातून पुसली गेली तरी व्यवहारातून पुसली गेली आहे काय, हा प्रश्न उरतोच.

पूर्णेपासून विवेचनास आरंभ केला तो यासाठी. शर्यतीचा इतिहास घाटमाथ्यावरून पाहिला की राजे दिसतात. तो जंक्शनवरून, पाळी संपवून सायकलीवर घरी निघालेल्या कामगाराच्या बाजूने पाहिला, की त्या राजांच्या पुढे वारा झेलणारे दिसू लागतात. आणि ज्यांना रस्ता होता, पाय होते, परंतु संघ मिळाला नाही, अशांची जागाही रिकामी दिसू लागते. महाराष्ट्रातील सायकल-शर्यतीच्या इतिहासलेखनाने ही रिकामी जागा नोंदविल्यावाचून त्यास पूर्णता येणार नाही.