नवशिक्या छायाचित्रकारांचे प्रश्न व आमचीं लेखसाधनें

जुन्या पोथ्या व कागदपत्रें जमविणाऱ्या मंडळींच्या हातीं आतां छायाचित्र घेण्याचें साधन सदैव असतें. मोबाईलमध्येंच कॅमेरा असल्यामुळें एखाद्या वाड्यांतील दप्तर दोन तासांपुरतें पाहावयास मिळालें, तरी त्याची नक्कल घेऊन येतां येते. साहजिकच, छायाचित्रणाच्या प्रत्येक नवशिक्यास पडणारे प्रश्न ह्या मंडळींसहि पडूं लागले आहेत. यंत्र कोणतें घ्यावें? उजेड किती व कोठून असावा? रंग जसेच्या तसे कां उतरत नाहींत? चौकटींत काय घ्यावें? प्रश्न वरवर सामान्य दिसतात. परंतु ज्या काळीं त्यांचें जें उत्तर मिळालें, त्यावरच त्या काळच्या चित्रांत काय उतरलें व काय लोपलें तें ठरलें आहे. तेव्हां जुनें चित्र पारखण्यास आणि नवें घेण्यास त्यांचा विचार सारखाच आवश्यक आहे.

प्रथम यंत्राचा प्रश्न घेऊं. १८३९ मध्यें पॅरिस येथें दागेर ह्याची पद्धति जाहीर झाली. तीत रुप्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर एकच चित्र निघे. त्याची दुसरी प्रत निघत नसे. इंग्लंडांत टॅल्बट ह्यानें १८४१ मध्यें ज्या पद्धतीचें पेटंट घेतलें, तींत कागदावर आधीं उलट छायेचें चित्र घेऊन त्यावरून हव्या तितक्या सुलट प्रती काढण्याची सोय झाली. ह्याच टॅल्बटच्या 'पेन्सिल ऑफ नेचर' ह्या १८४४ ते १८४६ मध्यें खंडशः निघालेल्या ग्रंथांत एका जुन्या छापील पृष्ठाची प्रतिकृति दिलेली आहे. म्हणजे लेखांची नक्कल हा उपयोग ह्या विद्येच्या बाल्यांतच ओळखला गेला होता.

मुंबईंत १८५४ मध्यें फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली व पुढें लवकरच एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें हा विषय शिकविण्याचा वर्ग निघाला. शिलालेखांचे वाचक डॉ. भाऊ दाजी ह्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे येथील पहिल्या छायाचित्रकारांपैकीं होत. पुराणवस्तुविद्या व छायाचित्रण हीं आमच्याकडे अशीं एकाच घरांत नांदलीं.

आजच्या नवशिक्यास आमचें उत्तर इतकेंच कीं, यंत्राच्या किंमतीपेक्षां त्याचें स्थैर्य महत्त्वाचें. साधा कॅमेरा तिपाईवर बसवून, भिंग कागदाशीं समांतर ठेवून घेतलेलें चित्र, हातांत धरलेल्या भारी यंत्राच्या चित्राहून बहुधा सरस निघतें. मोबाईल कागदाच्या फार जवळ नेऊन तिरपा धरल्यास जवळची बाजू फुगते, दूरची आखडते आणि अक्षराचें वळण बिघडतें. ज्यास वळणावरून लेखक ओळखावयाचा आहे, त्याला हा दोष लहान नव्हे.

दुसरा प्रश्न उजेडाचा. १८५१ मध्यें आर्चर ह्यानें ओल्या काचेची पद्धति प्रसिद्ध केली. काचेवर कलोडियनचा थर देऊन, ती रौप्यक्षारांत बुडवून, ओली आहे तोंवरच चित्र घ्यावें व तत्काळ प्रकट करावें लागे. म्हणून छायाचित्रकारास काळोखा तंबू बरोबर वागवावा लागे, आणि आमच्या उन्हाळ्यांत काच लवकर वाळे. १८५५ मध्यें मुंबई सरकारनें तोफखान्याचे कॅप्टन बिग्ज ह्यांस जुन्या इमारतींचीं चित्रें घेण्याच्या कामावर नेमलें. त्यांचीं विजापूरचीं चित्रें १८६६ मध्यें ग्रंथरूपानें निघालीं. त्या काळचीं चित्रें पाहतांना एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. भिंग पुष्कळ वेळ उघडें राहिल्यास चालता मनुष्य काचेवर उमटत नाहीं. सबब जुन्या चित्रांतील ओसाड पेठ ही ती पेठ ओसाड असल्याचा पुरावा होऊं शकत नाहीं.

कागदासाठीं दोन्ही बाजूंनीं सुमारें ४५ अंशांवरून येणारा सारखा, सौम्य उजेड चांगला. यंत्राचा लखलखाट टाळावा. त्यानें घोटलेल्या कागदावर चकाकी येऊन अक्षरें बुडतात. मात्र शिक्क्याचा उठाव किंवा खरवडलेलें अक्षर पाहावयाचें असल्यास, एका बाजूनें कागदास जवळजवळ समांतर येणाऱ्या उजेडांत दुसरें चित्र अवश्य घ्यावें.

तिसरा प्रश्न रंगाचा, आणि पोथीसंग्राहकांस तो सर्वांत निकट आहे. आरंभींच्या काचा निळ्या व जांभळ्या प्रकाशानेंच काय त्या जाग्या होत. तांबडा व पिवळा त्यांना जवळजवळ काळाच. १८७३ मध्यें फोगेल ह्यानें रंजकद्रव्यें मिसळून हा दोष कमी करण्याचा मार्ग दाखविला, तरी तांबड्यासह सर्व रंगांस जागणाऱ्या काचा विसाव्या शतकाच्या आरंभींच प्रचारांत आल्या. आतां पोथीचें पान डोळ्यांपुढें आणावें. अक्षरें काजळाच्या शाईचीं, दंड व पुष्पिका हिंगुळाच्या, आणि चुकलेल्या अक्षरांवर लेखकानें हरताळ फासलेला. जुन्या काचेवर हिंगूळ व काजळ एक झालें. पिवळा हरताळ काळा डाग होऊन बसला. लेखकानें मुद्दाम केलेली दुरुस्ती वाचकास कागदाचा मळ वाटावी, अशी स्थिति झाली. आजहि जो संग्राहक जागा वांचविण्यासाठीं पोथी काळ्यापांढऱ्या छटांत उतरवितो, तो लेखकाच्या हरताळावर दुसऱ्यांदा हरताळ फासतो. म्हणून चित्र रंगीत घ्यावें, आणि पहिल्या पानाजवळ रंगांची पट्टी व मोजपट्टी ठेवावी.

चौथा प्रश्न, चौकटींत काय घ्यावें, हा नवशिके सौंदर्यासाठीं विचारतात. आम्हांस तो पुराव्यासाठीं विचारावयाचा आहे. विल्यम जॉन्सन ह्याच्या मुंबईतील लोकसमूहांवरील १८६३ व १८६६ च्या दोन भागांच्या ग्रंथांत, चित्रशाळेंत घेतलेल्या आकृति निराळ्या देखाव्यांवर बसविलेल्या आहेत. माणसें खरीं, देखावाहि खरा. पण दोहोंचा तेथें दाखविलेला संबंध मात्र खरा नव्हे. आमच्या क्षेत्रांतील दोष ह्याच्या उलट आहे. आम्ही जोडीत नाहीं, तोडतों. एका घराण्याच्या दप्तराचीं चित्रें आमच्या पाहण्यांत आलीं. घेणाऱ्यानें प्रत्येक कागदाची मजकुराची बाजू तेवढी घेतली होती. पुढें मूळ दप्तर वाळवीनें खाल्लें. मागील शेरे, जोडावरील शिक्के, घड्यांच्या खुणा, रुमालांतील कागदांचा क्रम, हें सर्व गेलें. मजकूर आहे, पण तो अस्सल कीं नक्कल, हें सांगणारा साक्षीदार उरला नाहीं.

येथें मूळ मुद्दा येतो. छायाचित्र डोळ्यांस दिसतें म्हणून सामान्य लोक त्याला प्रत्यक्ष प्रमाण समजतात. आमच्या मतें तें शब्दप्रमाणाच्या कोटींतील आहे. तें कोणीतरी सांगितलेलें असतें. आणि शब्दाचें प्रामाण्य वक्त्याच्या आप्ततेवर अवलंबून असतें. वक्ता आप्त ठरण्यासाठीं त्यानें काय सांगितलें ह्याइतकेंच काय सांगितलें नाहीं, हेंहि कळलें पाहिजे.

तेव्हां संग्राहकांस आमची विनंती अशी. कागदाच्या दोन्ही बाजू घ्याव्या, कोरी बाजूहि सोडूं नये. चौकटींत समास व चारी कडा पूर्ण याव्या. प्रत्येक संचाबरोबर एक टांचण ठेवावें: तारीख, स्थळ, मालकाची संमति, कागदांचा मूळ क्रम, उजेडाची दिशा, आणि जें घेतलें नाहीं त्याची यादी. चित्रांच्या दोन प्रती दोन ठिकाणीं ठेवाव्या. आणि चित्र निघालें म्हणून मूळ कागदाकडे दुर्लक्ष होऊं देऊं नये. पुढील अभ्यासकास आमच्या चित्राविषयीं शंका येईल, तेव्हां तिचें निरसन करण्यास मूळ कागदच हातीं असावा लागेल.