कल्याणीचा मत्स्यविनोद

बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण हे आज केवळ तालुक्याचे ठाणे असले, तरी अकराव्या शतकात पहिल्या सोमेश्वराने मान्यखेटाहून, म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातील कागिणाकाठच्या मळखेडहून, राजधानी येथे हलविल्यापासून शतकाहून अधिक काळ ते कल्याणीच्या चालुक्यांचे सिंहासनस्थान होते. आणि भूलोकमल्ल व सर्वज्ञ ही बिरुदे मिरविणाऱ्या तिसऱ्या सोमेश्वराने याच गादीवरून ‘मानसोल्लास’ हा ज्ञानकोशासारखा विशाल ग्रंथ सिद्ध केला, तेव्हा राजनीती, पाकक्रिया, गजविद्या आणि संगीत यांच्या पंक्तीला गळाने मासे धरण्याच्या विद्येलाही त्याने मानाचे पान दिले.

मराठी अभ्यासकांना हा ग्रंथ परिचित आहे तो मुख्यतः त्यातील जुन्या मराठी पदांमुळे. शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९, या कालनिर्देशामुळे ती पदे आपल्या भाषेच्या आरंभीच्या लेखी पुराव्यांत गणली जातात, आणि योगायोग असा की, त्यांत विष्णूच्या मत्स्यावताराचे स्तवन आहे. परंतु ही पदे ज्या गीतविनोदात आहेत त्याच्याच शेजारी, त्याच चौथ्या विंशतीत, म्हणजे वीस अध्यायांच्या विभागात, असलेल्या मत्स्यविनोदाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी या ग्रंथाचे संपादन १९२५ पासून प्रसिद्ध करावयास घेतले. आणि पुढे भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागाचे संचालक डॉ. सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात या प्रकरणाचा परामर्श घेतला, तेव्हा कुठे मत्स्यशास्त्रज्ञांना त्याचे महत्त्व उमगले. ग्रीक भाषेत ओपियनने मत्स्यकर्मावर सोमेश्वराच्या कितीतरी आधी, दुसऱ्या शतकात, काव्य रचले होते हे खरे. परंतु गळाच्या मासेमारीवरचे इंग्रजीतील पहिले छापील पुस्तक १४९६ चे, आणि आयझॅक वॉल्टनचा विख्यात ग्रंथ १६५३ चा, हे ध्यानात घेतले म्हणजे कल्याणीच्या राजाचे हे प्रकरण किती आधीचे, याची कल्पना येते.

राजा आरंभी माशांची वर्गवारी लावतो. समुद्रातले आणि नदीतले, मोठे आणि लहान, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, असे करीत सुमारे पस्तीस जातींची नावे तो सांगतो. त्यानंतर येते ती चाऱ्याची व्यवस्था, आणि मला या प्रकरणाचा प्राण तेथेच आहे असे वाटते. कोणत्या माशाला तिळाच्या पेंडीचे वा पिठाचे गोळे रुचतात, कोणाला भात, कोणाला मांस, हे पारखून ठरल्या जागी तो चारा टाकीत राहावे, मासा त्या जागेला लागला म्हणजे मगच दोर, काठी आणि गळ यांची सिद्धता करावी, हा त्यातला क्रम. साधनांची निवड माशावरून करावयाची, माशाची साधनांवरून नव्हे, हे तत्त्व या क्रमात अनुस्यूत आहे. आणि आजही उत्तम मासेमाराची पारख याच कसोटीवर होते.

हे तत्त्व आमच्या मुलुखात रुजावे यास नद्यांची प्रकृतीही कारण आहे. मांजरा आणि भीमा या बारमाही भरून वाहणाऱ्या नद्या नव्हेत. उन्हाळा लागला म्हणजे पात्र आटत जाते, काळ्या पाषाणाचा तळ उघडा पडतो आणि पाणी उरते ते केवळ डोहांत. तेथे खडकांच्या कपारींत मोठा मासा दबा धरून बसतो. अशा जागी फेकजाळे टाकावे तर खडकाच्या कंगोऱ्यावर ते फाटते, म्हणून तेथे गळाचाच अंमल. सुती किंवा तागाचा पीळदार दोर, त्याच्या टोकाशी वजनाला दगड किंवा शिसे, वर थोड्या थोड्या अंतराने आखूड दोऱ्यांना बांधलेले गळ, अशी ही जुळणी असे. वाम हवी असेल तर गांडूळ, मरळ हवी असेल तर जिवंत बेडकी, रोहितासारख्या जातींसाठी कणकेचा गोळा. गळाचा आकार माशाच्या तोंडाच्या बेताने आणि दोराची जाडी त्याच्या ताकदीच्या बेताने घ्यावयाची. वजनाचा दगड कपारीत अडकला तर सारा दोर जाऊ नये म्हणून तो मुख्य दोरापेक्षा कच्च्या दोऱ्याने बांधावा, म्हणजे तेवढाच दोरा तुटतो आणि गळासकट मासा वर येतो. पॅसिफिकच्या अमेरिकी किनाऱ्यावर खोल समुद्रातल्या खडकांवरचे मासे धरणारे लोकही वजन असेच कच्च्या दोऱ्याला बांधतात, कारण खडकाळ तळाचे गणित सर्वत्र एकच असते.

आता प्रश्न असा की, हे ज्ञान सोमेश्वराकडे आले कोठून? राजा विद्वान होता, परंतु कोणत्या माशाला कोणता चारा रुचतो हे राजवाड्यात बसून कळत नाही. नदीकाठच्या कोळ्यांनी, भोयांनी, नावाड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाण्यात उभे राहून जे मिळविले, तेच येथे संस्कृत श्लोकांत बांधले गेले, असे माझे स्पष्ट मत आहे. ग्रंथाला नाव राजाचे लागले, ज्यांची विद्या होती त्यांची नावे राहिली नाहीत. या अन्यायाची अंशतः भरपाई त्याच कल्याणीत, त्याच शतकात झाली. बसवेश्वरांच्या शरणमंडळात अंबिगर चौडय्या हा नावाडी होता, आणि त्याची रोखठोक वचने कन्नड साहित्यात आजही मानाने वाचली जातात. कलबुर्गीकडचे कोळी-कब्बलिग त्याला आपला पूर्वज मानतात.

पुढे बहमनी सुलतानांनी प्रथम गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, आणि नंतर बिदर येथे तख्त मांडले, बरीदशाही आली, मोगलाई आणि निजामाचा अंमल आला. तळ्यांतल्या मासळीचा महसुलाची बाब म्हणून हिशेब होऊ लागला, लिलाव आणि मक्ता यांची भाषा आली. पण डोहावरची विद्या दप्तरात उतरली नाही, कारण दप्तराला मासळीची रक्कम हवी होती, मासळीची माहिती नव्हे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले. कारंजासारखे जलाशय झाले. कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडले जाऊ लागले. आणि नायलॉनच्या धाग्याने सुती दोर हद्दपार केला. नायलॉन कुजत नाही आणि पाण्यात सहजी दिसतही नाही, हा त्याचा गुण निर्विवाद आहे. परंतु जलाशयाच्या जाळ्याला माशाचा स्वभाव जाणण्याची गरज फारशी पडत नाही, आणि गरज नसलेली विद्या दोन पिढ्यांत विसरली जाते.

म्हणून भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतील शिक्षकांना आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना माझी आग्रहाची विनंती आहे की, त्यांनी मांजरा, कारंजा आणि भीमा यांच्या काठी जाऊन वृद्ध कोळी-भोयांकडून गळांचे, दोरांचे, चाऱ्यांचे आणि माशांचे मराठी व कन्नड शब्द उतरवून घ्यावेत, प्रत्येक डोहाचे नाव लिहावे, आणि ज्याने सांगितले त्याची संमती घेऊन त्याचे नावही त्या टिपणावर आवर्जून घालावे.