छत्तिसावा दिवस

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात ३५ दिवस काढून माणूस महाराष्ट्र एक्सप्रेसने चाळीसगावला उतरतो, तेव्हा त्याच्या अंगातली दारू केव्हाच उतरलेली असते. झोप लागते, जेवण जाते, हात थरथरत नाहीत. स्टेशनाबाहेरचं गाव मात्र तो सोडून गेला तसंच असतं. तोच रस्ता, तेच मित्र, तीच उधारी. घरात तर संशय वाढलेलाच असतो, कारण याआधी चारदा त्याने शपथ घेतलेली असते. उपचार संपले असं आपण ज्या दिवशी म्हणतो, त्या दिवशी खरी कसोटी सुरू होते, हे या क्षेत्रातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही व्यसनमुक्ती म्हणजे केंद्रात दाखल करणे, हे समीकरण आपल्या डोक्यातून जात नाही. खानदेशचा इतिहास पाहिला तर हे समीकरण अगदी अलीकडचं असल्याचं दिसतं. या भागात दारू सोडण्याचे जे मोठे प्रयत्न झाले, ते माणसाला गावातून उचलून नेऊन झालेच नाहीत. ते गावातच झाले, चारचौघांत झाले आणि ठरलेल्या वाराला झाले.

सगळ्यात ठळक उदाहरण तळोदा तालुक्यातल्या मोरवडचं. तळोदा आज नंदुरबार जिल्ह्यात आहे, तेव्हा पश्चिम खानदेशात होता. १९०६ साली खानदेशचे दोन जिल्हे झाले, त्यात चाळीसगाव पूर्वेकडे गेलं. १९३७ च्या सुमारास मोरवडला गुला महाराज नावाच्या भिल्ल संताने दर सोमवारी आरती सुरू केली. आरतीला हजारोंनी आदिवासी येऊ लागले. सांगणं साधं होतं : रोज अंघोळ करा, घर-अंगण स्वच्छ ठेवा, दारू सोडा. या साधेपणावरून बाहेरच्यांनी त्याला भाबडी सुधारणा ठरवलं. पण मोहाची दारू ही भिल्लांच्या आयुष्यात केवळ चैन नव्हती. देवाला धार तिचीच, लग्नात तीच, मयताला तीच. एकट्याने दारू सोडायची तर देव, सोयरे आणि भाऊबंद यांच्यातूनच उठावं लागलं असतं. म्हणून एकट्याने सोडणं जवळपास अशक्य होतं आणि पाड्याने मिळून सोडणं शक्य होतं. आरतीने नेमकं हेच साधलं. शिवाय सोमवार पुन्हा येत असे. मधल्या सहा दिवसांत पाय घसरला तरी सातव्या दिवशी पुन्हा उभं राहायला जागा होती. १९२२ मध्ये दक्षिण गुजरातेत उठलेल्या देवीच्या चळवळीची लाटही पश्चिम खानदेशातल्या गावांपर्यंत आली होती आणि तिच्यातही दारू सोडण्याचा आदेश होता. पण लाट येते तशी ओसरते. गुला महाराजांनी तिला वाराचं बंधन दिलं, हा माझ्या मते मोठा फरक.

यावर पहिला आक्षेप असा की हे टिकलं कुठे? १९३८ मध्ये गुला महाराज वारले, त्यांचे बंधू रामदास महाराजांनी काम पुढे नेलं आणि नंतर मेळाव्यांचं पूर्वीचं बळ राहिलं नाही. आक्षेप खरा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. इतका मोठा आदिवासी जमाव दर आठवड्याला एकत्र येतो, याची धास्ती सरकारला होती आणि रामदास महाराजांना काही काळ जिल्ह्याबाहेर ठेवण्यात आलं. अबकारी हा मुंबई इलाख्याच्या महसुलाचा मोठा भाग होता, हेही विसरता येत नाही. जमणं तुटलं आणि मग सोडणं सैल झालं. औषध बंद केल्यावर दुखणं उलटलं, तर औषधाला दोष देण्यात अर्थ नाही.

याच प्रदेशात दुसरी एक जुनी सोय आहे, ती म्हणजे तुळशीची माळ. कोथळी-मुक्ताईनगरच्या मुक्ताईमुळे खानदेशात वारकरी परंपरा खोल रुजलेली आहे. तिच्या पारमार्थिक बाजूबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. व्यावहारिक बाजूबद्दल फारसं नाही. दारू सोडलेल्या माणसाची खरी अडचण नकार देण्याची असते. लग्नाच्या वरातीत, पोळ्याला, शेतीच्या सौद्यात कोणीतरी ग्लास पुढे करतंच आणि ‘मी सोडली’ म्हटलं की हसू होतं. ‘माळकरी आहे’ म्हटलं की विषय मिटतो. कोणी आग्रह करत नाही, कारण आग्रह करणाराच वाईट ठरतो. माळ माणसाला इभ्रतीसकट नाही म्हणू देते आणि पंधरा दिवसांनी एकादशीला भजनात बसायला जागा देते. दारूच्या गुत्त्यावरची संगत तोडायला सांगणारे खूप असतात. तिच्या जागी दुसरी संगत देणारे थोडे.

संगतीची ही गरज केंद्रांनीही ओळखली आहे. मुक्तांगणाची स्थापना १९८६ ची. पुण्यात गर्दचा फैलाव पाहून डॉ. अनिल अवचटांनी लेखन केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक हात दिला आणि डॉ. अनिता अवचटांनी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात केंद्र उभं केलं. पण या संस्थेचं मोठेपण त्या आवारापुरतं नाही. पाठपुरावा, व्यसनमुक्तीचा वाढदिवस, बायकांसाठी ‘सहचरी’ गट, बऱ्या झालेल्यांनाच कार्यकर्ते करणं, या सगळ्या गोष्टी घरी परतल्यानंतरच्या आहेत. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या गटाचा उगम १९३५ चा, अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनचा. त्यांच्या मीटिंगचा गाभाही तोच, म्हणजे ठरलेला वार आणि ठरलेली खोली. कोणी ‘स्लिप झाली’ म्हणून सांगितलं तर त्याला हाकलत नाहीत. हे केवळ श्रद्धेवर चालतं असंही नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसवरच्या २०२० च्या कॉक्रेन समीक्षेने २७ अभ्यास आणि दहा हजारांवर रुग्ण तपासले. अखंड दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत ही पद्धत इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरली. आणि जागेचं महत्त्व व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांनी दाखवून दिलं. तिथे हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांपैकी घरी आल्यावर वर्षभरात पुन्हा व्यसनी झालेले सुमारे ५ टक्केच, असं संशोधक ली रॉबिन्स यांना आढळलं. व्यसनाची जागा ते मागे सोडून आले होते. चाळीसगावचा माणूस पुण्याहून परततो तो नेमका व्यसनाच्या जागी.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. समाज म्हणजे कोण? ज्या गावाने त्याला बेवडा म्हणून वाळीत टाकलं, तेच गाव त्याला सांभाळणार? आणि सांभाळायला निघालं तर हातात काठी घेईल. राळेगण सिद्धीला दारुड्यांना खांबाला बांधून मारल्याचं अण्णा हजारेंनी स्वतः लपवलेलं नाही. शहाद्यात १९७२ नंतर श्रमिक संघटनेच्या आदिवासी बायकांनी दारूची मडकी फोडली, मारकुट्या नवऱ्यांनाही चोप दिला. या दोन गोष्टी मी एका मापाने मोजणार नाही. शहाद्याच्या बायका मार खात आलेल्या होत्या. राळेगणला मारणारा हात गावाच्या सत्तेचा होता, आणि ज्याला मारलं त्याला आजारी मानायची तिथे तयारी नव्हती. पण दोन्हीकडून एक धडा घ्यावा लागतो. धाकाने गुत्ता बंद होतो, दारू सोडलेल्याची संध्याकाळ भरत नाही. मोरवडच्या आरतीला कोणी बांधून नेलं नव्हतं. म्हणून समाज म्हणजे अख्खं गाव असं मी म्हणत नाही. आठ-दहा माणसं, त्यांतली निम्मी स्वतः त्या वाटेने गेलेली, आणि वेगळी बसणारी त्यांच्या घरातली बायामाणसं, एवढं पुरतं.

भजन नको असलेल्याने काय करायचं, हाही प्रश्न रास्त आहे. आरती आणि माळ यांच्यातून देव काढून टाकला तरी तीन वस्तू उरतात : वार, खूण आणि संगत. त्या शाळेच्या वर्गात किंवा ग्रामपंचायतीच्या सभागृहातही मांडता येतात. अडचण पैशाच्या हिशेबात आहे. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकाला काहीतरी उपचार मिळतो, दाखल होऊन तर १८० पैकी एकाला. तो एक परत आल्यावर कुठे बसणार, याचं गणित कुणी मांडत नाही. केंद्रांचं अनुदान १५, ३० किंवा ५० खाटा असं मोजलं जातं, आणि बुधवारी संध्याकाळी दोन तास लागणाऱ्या खोलीत खाट नसते. तेवढी खोली चाळीसगावातच मिळाली नाही, तर दर आठवड्याला धुळ्याची किंवा जळगावची वाट धरावी लागते, आणि ज्याची रोजंदारी नुकती कुठे पुन्हा सुरू झाली आहे, तो तिसऱ्या आठवड्याला जाणं बंद करतो.