३५ दिवसांचे राष्ट्रपती

सरन्यायाधीश असताना राष्ट्रपतिपद सांभाळणारे आपल्याकडे एकच: मोहम्मद हिदायतुल्ला. नागपूरकरांना हे नाव परके नाही. मॉरिस कॉलेजात शिकून ते केंब्रिजला गेले, १९३० पासून नागपुरात वकिली केली, तिथेच पुढे मुख्य न्यायमूर्ती झाले. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालय, १९६८ मध्ये सरन्यायाधीशपद. ही चढण सरळ आहे. मला कुतूहल आहे ते १९६९ मधल्या ३५ दिवसांचे.

त्या वर्षी ३ मे रोजी झाकिर हुसेन यांचे निधन झाले आणि उपराष्ट्रपती गिरी कार्यवाहू राष्ट्रपती झाले. पण त्यांनीही पद सोडले तर? संविधानात याचे थेट उत्तर नव्हते. तशी तरतूद संसदेने करावी, एवढी मुभा अनुच्छेद ७० मध्ये होती. संसदेने मे महिन्यातच कायदा करून ती जबाबदारी सरन्यायाधीशांकडे दिली. १९ जुलैला गिरींनी १४ बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या वटहुकुमावर सही केली आणि दुसऱ्या दिवशी, निवडणूक लढवण्यासाठी, राजीनामा दिला.

हिदायतुल्ला राष्ट्रपती भवनात आले. निक्सन यांचे स्वागत वगैरे मानाची कामे झालीच. खरा पेच ९ ऑगस्टचा. वटहुकुमाची जागा घेणाऱ्या विधेयकाला त्या दिवशी त्यांनी संमती दिली, तीही या वादाला न्यायालयात तोंड फुटले असताना.

१० फेब्रुवारी १९७० रोजी अकरा न्यायाधीशांच्या पीठाने दहा विरुद्ध एक मताने तो कायदा रद्द केला. बहुमताचा निकाल लिहिला जे. सी. शहा यांनी, हिदायतुल्लांच्या गैरहजेरीत कार्यवाहू सरन्यायाधीश होते तेच. स्वतः हिदायतुल्ला पीठावर नव्हते, आणि नसणेच योग्य होते. पण म्हणून त्यांना नुसता सहीचा धनी म्हणणे मला पटत नाही. मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने दिलेली संमती हे न्यायाधीशाचे मत नव्हे. त्यांचे मत पाहायचे तर संस्थानिकांच्या तनख्यांचा खटला पाहावा. सप्टेंबर १९७० मध्ये राष्ट्रपती गिरींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यता काढून घेण्यात आली. या खेपेस पीठाच्या अध्यक्षस्थानी हिदायतुल्ला होते. ज्या खुर्चीवर आपण ३५ दिवस बसलो, तिचाच आदेश त्यांनी बहुमताने घटनाबाह्य ठरवला. निकाल १५ डिसेंबरचा. १६ ला ते निवृत्त झाले.