घाट शिकणं आणि गाडी शिकणं

तरुण चालकांच्या सुरक्षिततेविषयी बोलायचं तर कुंभिवलीतून फार लांब जायला नको. बोरघाट आपल्या उशाशीच आहे. या घाटातून १८३० साली, जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना, गाडीरस्ता खुला झाला. पुढे १८६३ साली कर्जतहून रेल्वे घाट चढून वर गेली. डोंगर एकच, पण चालकाला शिकवायची रीत दोन्हीकडे वेगळी. असं का, ते आज पाहू.

आधी रेल्वे घ्या. चढताना कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं लावतात. उतरताना मध्ये थांबवून ब्रेक तपासतात. ताबा सुटलाच तर गाडी चढाच्या बाजूला वळवून थांबवायला 'कॅच सायडिंग' आहे. आणि चालक? इंजिन चालवता येतं, एवढ्यावर त्याच्याकडे घाट सोपवत नाहीत. जाणत्या चालकाबरोबर तो आधी त्या मार्गावर फेऱ्या मारतो, दिवसा आणि रात्रीसुद्धा. वळणं, सिग्नल, उतार ओळखीचे झाले की 'मला मार्ग माहीत आहे' असं लेखी देतो, मगच गाडी त्याच्या हाती. याला ते 'रोड लर्निंग' म्हणतात.

आता मोटारीकडे या. इंग्लंडमध्ये १९०३च्या कायद्याने परवाना आला, पण परीक्षा सक्तीची व्हायला १९३५ उजाडलं. आपल्याकडे १९३९च्या मोटार वाहन कायद्यात चालवण्याची परीक्षा होती, तीच १९८८च्या कायद्यात पुढे चालू राहिली. आज अठरा पूर्ण झाले, शिकाऊ परवाना काढला, की तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. सपाट मैदानात आठचा आकडा काढायचा, पाय टेकवायचा नाही, झालं! रात्र, पाऊस, धुकं, मागे बसून 'अजून दाब' म्हणणारा मित्र, यातलं काहीच त्या परीक्षेत येत नाही. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी, म्हणजे आपली पोरं जातात ती जुन्या रस्त्याने, ट्रक-ट्रेलरच्या सोबतीने.

साधी गोष्ट सांगतो. पेट्रोल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रलला सोडतात. तसं केलं की इंजिनाचा रोध जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, आणि ब्रेक तापले की धरत नाहीत. 'ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा', हे जुने ड्रायव्हर पोरांना सांगायचे. आता कोण सांगतं?

'मग क्लास वाढवा', असं कोणी म्हणेल. थोडं थांबा. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या डीकाल्ब काउंटीत शाळकरी मुलांना चांगलं सविस्तर प्रशिक्षण देऊन पाहिलं. अपघातांत टिकाऊ अशी मोठी घट काही दिसली नाही. कौशल्य आलं, की त्याबरोबर फाजील आत्मविश्वासही येतो. न्यूझीलंडने १९८७ साली वेगळी वाट धरली: परवाना टप्प्याटप्प्याने. आधी जाणत्याच्या सोबतीने, मग एकट्याने, पण रात्री उशिरा नाही आणि मित्रांना बसवून नाही, आणि शेवटी पूर्ण मोकळीक.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला डबा बांधतात, काठावर मामा उभा असतो. डबा सुटतो तो हळूहळू, आणि पुराच्या पाण्यात तर पहिल्या दिवशी कोणीच ढकलत नाही. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो तेही याच्या जवळचंच: गुण सवयीने अंगी येतात, नुसत्या ऐकण्याने नाही. पण सवय वाईटही लागते. म्हणून पहिले काही महिने शेजारी कोण आहे, याला महत्त्व.

२०१९च्या दुरुस्तीने अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्यासाठी पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड ठेवला आहे. कायद्याने पालकाला जबाबदार धरलं, ठीक झालं. पण दंड अपघातानंतर येतो. शिकवण आधी लागते. परवाना हातात आला म्हणजे शिक्षण संपलं, असं घरात म्हणू नका. पोराला गाडीची चावी द्याल तेव्हा पहिल्या घाटाला, पहिल्या पावसाला, पहिल्या रात्रीला त्याच्याबरोबर जा. रेल्वेने चालकासाठी जो नियम केला, तो आपल्या पोरांसाठी घरोघरी करायला काय हरकत आहे?

आता प्रश्न विचारा.