धातूची भीती: र. धों. कर्वे, नसबंदी आणि पुरुषाचं आरोग्य

मंडळी, मुळशी तालुक्यात १९२१ हे साल कोणाला समजावून सांगावं लागत नाही. त्या वर्षीच्या रामनवमीला, १६ एप्रिलला, टाटांच्या धरणाविरुद्ध इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे, सेनापती बापट ही नावं आपल्याला पाठ आहेत. त्याच १९२१ मध्ये मुंबईत गणिताच्या एका प्राध्यापकाने संततिनियमनाचं केंद्र उघडलं. ही लढाई जवळजवळ एकट्याने लढली गेली, म्हणून तिच्या जयंत्या होत नाहीत. आज आपण तिच्याबद्दल बोलणार आहोत. पुरुषाला स्वतःच्या शरीराबद्दल काय ठाऊक होतं, काय नव्हतं, आणि त्या अज्ञानाची किंमत कोणी मोजली, हा आजचा विषय.

हे प्राध्यापक म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, जन्म १८८२ चा. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपलं केंद्र उघडलं तेही १९२१ मध्येच, म्हणजे आपण या बाबतीत जगाच्या मागे नव्हतो. १९२३ साली कर्व्यांनी संततिनियमनावर आणि गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावर मराठीत पुस्तकं लिहिली. या मतांपायी १९२५ मध्ये विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि १९५३ साली मरेपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षं, पदरमोड करून चालवलं.

या मासिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली जात. जे प्रश्न घरात, शाळेत, वैद्यासमोरही विचारायची सोय नव्हती, ते लोक तिथे विचारत. हस्तमैथुनाने शरीर खंगतं का, हा त्यातलाच एक.

ही भीती आली कुठून? आयुर्वेदात शुक्र हा सातवा, शेवटचा धातू. अन्नापासून रस, रसापासून रक्त, असं करत करत शेवटी शुक्र. यावरून लोकांत समजूत रुजली की रक्ताच्या चाळीस थेंबांतून वीर्याचा एक थेंब होतो. मग झोपेत वीर्य गेलं की पोरगा समजतो, आपलं रक्तच चाललंय. 'धातू जाते' हा शब्द आपल्याकडे आजही ऐकू येतो. डॉ. एन. एन. विग यांनी १९६० साली या भीतीतून येणाऱ्या अशक्तपणाला आणि उदासीला 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं. युरोपही यातून सुटलं नव्हतं. तिथे तिसो नावाच्या स्विस डॉक्टरने अठराव्या शतकात हस्तमैथुनाविरुद्ध पुस्तक लिहिलं आणि दीडशे वर्षं डॉक्टरमंडळी तेच सांगत राहिली.

आता शरीर खरं काय करतं ते बघू. वृषणं पोटाबाहेर पिशवीत असतात, कारण शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी तापमान लागतं. वयात आल्यापासून हे काम रोज चालू असतं. एक शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. पुढे शुक्रवाहिनी नावाच्या बारीक नळीतून ते वर जातात. पण वीर्य म्हणून जे बाहेर येतं, त्यात शुक्राणूंचा वाटा शंभरात पाचाहूनही कमी. बाकीचा द्रव वीर्यकोश आणि प्रोस्टेट या ग्रंथी तयार करतात. तो गेला तर पुन्हा तयार होतो, जशी तोंडात लाळ होते. त्यात रक्त खर्ची पडत नाही आणि ताकदही जात नाही.

हे साधं ज्ञान देणं त्या काळी गुन्हा ठरला. अश्लीलतेच्या आरोपाखाली कर्व्यांना दंड झाला, आणि १९३४ मध्ये पुन्हा खटला उभा राहिला, तो नेमका वाचकांच्या प्रश्नोत्तरांवरून. त्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. त्यांचं म्हणणं असं की, लैंगिक विषयावर लिहिलं म्हणून ते अश्लील होत नाही. लोकांच्या मनात विकृत समजुती असतील तर त्या ज्ञानानेच जातील. कोर्टाने ते मानलं नाही. कर्व्यांना दंड भरावा लागला. मासिक मात्र बंद पडलं नाही.

पुढे स्वातंत्र्यानंतर सरकारनेच कुटुंबनियोजन हाती घेतलं, आणि साठच्या दशकात पुरुष नसबंदीची शिबिरं महाराष्ट्रात गावोगाव झाली. इथे कर्व्यांची आणि सरकारची वाट वेगळी झाली. कर्वे समजावून सांगत होते. सरकारला आकडे हवे होते. आणीबाणीत तर १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या ६० लाखांवर पुरुषांच्या. आपल्या विधिमंडळाने १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयकसुद्धा मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही.

माणसं धरून नेली, पण शरीरात काय होणार हे त्यांना कोणी सांगितलं नाही. मग जुनी धातूची भीती नव्या कपड्यात आली: नसबंदी केली की मर्दपणा जातो, नांगर धरवत नाही. खरं तर या शस्त्रक्रियेत फक्त शुक्रवाहिनी बंद करतात. पुरुषी संप्रेरक वृषणांतून थेट रक्तात जातं, त्याला ही नळी लागतच नाही. वीर्यही जवळजवळ तेवढंच येतं, कारण ते मुळात दुसरीकडे तयार होतं. आता ही शस्त्रक्रिया बिनटाक्याची होते, त्याच दिवशी घरी जाता येतं. एकच पथ्य: पुढचे तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्याची तपासणी करून घ्यायची.

आणि आज? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, शंभर विवाहित जोडप्यांमागे जवळपास ३८ बायकांची नसबंदी झालेली आहे. पुरुषांचं प्रमाण ०.३ टक्के. म्हणजे हजारात तीन. बाईची शस्त्रक्रिया पोट उघडून किंवा दुर्बिणीने, पुरुषाची त्याहून सोपी, तरी ओझं तिच्यावरच. मूल होत नाही तेव्हाही तेच. सूनबाईच्या तपासण्या, नवस, उपास वर्षानुवर्षं चालतात. जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूनेही काही कारण असतं, आणि वीर्याची तपासणी ही सगळ्यात स्वस्त आणि बिनदुखण्याची. ती दोघांची बरोबरच व्हायला हवी.

म्हणून इतिहास सांगता सांगता चार गोष्टी पुरुषमंडळींसाठी. वृषणात गाठ लागली, दुखत नसली तरी, डॉक्टरला दाखवा. तरुणांतही कर्करोग होतो. वृषण अचानक असह्य दुखू लागलं तर सकाळची वाट बघू नका, पीळ बसलेला असू शकतो आणि हातात काही तासच असतात. ताठरता येत नसेल तर 'ताकदीचं औषध' विकणाऱ्याकडे न जाता साखर, रक्तदाब आणि हृदय तपासा, तंबाखू सोडा. आणि जिममधल्या पोरांनो, शरीर कमवायला पुरुषी संप्रेरकाची इंजेक्शनं घेतली की शुक्राणू तयार होणं थांबू शकतं.

पौडवरून पुण्याकडे जाताना भिंतींवर, खांबांवर 'गुप्तरोग, शंभर टक्के गॅरंटी' अशा जाहिराती आपण सगळे वाचतो. कर्व्यांना जाऊन सत्तर वर्षं उलटली तरी तो धंदा चालतो, कारण भीती तशीच आहे आणि विचारायला जागा नाही. आता प्रश्नांसाठी वेळ आहे. चिठ्ठीवर लिहून पुढे पाठवा. नाव लिहायची गरज नाही.