चौक लिहिणाऱ्या बाया

वारली लग्नात चौक ‘लिहितात’. गेरूच्या भिंतीवर तांदळाचं पीठ, बांबूची काडी, मधोमध पालघाट देवी. लिहिणाऱ्या सवाशिणी, गाणारी धवलेरी, भोवती सगळा पाडा. एकटीचं काम नव्हेच ते!

१९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी कागद घेऊन डहाणूकडे आले. डहाणू तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी कागदावर चित्रं काढली, ती परदेशी पोचली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आनंदच आहे. पण कागदावर सही असते, भिंतीवर कुठली? पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिणाऱ्या बाया बिननावाच्याच राहिल्या.

शहापूर-मुरबाडच्या तुमच्या पाड्यावर चौक कोण लिहितं? धवलेरी कोण? पुढच्या बैठकीत गटाच्या वहीत त्यांची नावं लिहा.